रानातील मुलांची सहल

वसंतातील व्याख्यानांचे दिवस आले की आपल्या गावात आणखी एक गोष्ट हटकून घडते. पावतीपुस्तके बाहेर निघतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, हवा तापू लागलेली असते, आणि कोणा ना कोणा मंडळाला गोरगरीब मुलांची आठवण होते. एखादे मंडळ नाटकाचा प्रयोग लावून त्याचे उत्पन्न वसतिगृहाला देते, दुसरे दारोदार फिरून वर्गणी जमविते, आणि त्या पैशांतून अनाथ किंवा रानातील मुलांना एक दिवस कोठे तरी हिंडवून आणण्याचा बेत ठरतो. मोटार सांगितली जाते, चिवड्यालाडवांची पुडकी बांधली जातात. सायंकाळी मुले जागच्या जागी पोचतात आणि मंडळी समाधानाने घरोघर जातात.

या समाधानाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. त्या मोटारींत आम्हीही बसलो आहोत आणि ती पुडकी आम्हीही वाटली आहेत. परंतु फंड आणि सहल या दोन रीतींना स्वतःचा इतिहास आहे, आणि आपल्या जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, त्या इतिहासाला एक निराळेच वळण मिळाले. ते वळण कोणते, आणि त्यातून आपण पावती फाडणाऱ्या माणसांनी काय घ्यावयाचे, एवढाच या निबंधाचा विषय आहे.

प्रथम सहलीचे पाहू. गरीब मुलांना बाहेर नेणे हे पुण्यकर्म आहे ही कल्पना फार जुनी नाही. १८७६ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात वाल्टर बियोन नावाच्या एका धर्मोपदेशकाने शहरातील गरिबांची काही मुले निवडली आणि सुटीत त्यांना आपेन्झेलच्या डोंगराळ खेड्यांत नेऊन ठेविले. पुढल्याच वर्षी, १८७७ साली, अमेरिकेत विलर्ड पार्सन्स नावाच्या दुसऱ्या एका धर्मोपदेशकाने न्यूयॉर्कच्या दाट वस्तीतील मुलांसाठी तीच सोय केली. खेड्यातील कुटुंबांनी ती मुले आपल्या घरी ठेवून घेतली. दोन्ही ठिकाणी कारण एकच होते. कारखान्यांचा धूर, कोंदट खोल्या आणि क्षय यांनी शहरातील मूल पिवळे पडत चालले होते. त्याला काही दिवस स्वच्छ हवा, दूध आणि झाडांची सावली मिळावी, हा त्या सहलीचा उद्देश. ती मौज नव्हती, औषध होते. रोग काय आहे हे ओळखून ते दिले गेले होते.

पुढे ही रीत जगभर पसरली आणि आपल्याकडेही आली. मात्र येताना तिच्यातील निदान गळून पडले आणि मौज तेवढी उरली. एखादी रीत परमुलखातून येते तेव्हा पुष्कळदा असेच होते. म्हणून आपल्या रानाच्या संदर्भात हा प्रश्न पुन्हा मुळापासून विचारावा लागतो. समजा, भामरागडकडील एका माडिया मुलास आपण वर्गणी काढून ताडोबा दाखवावयास आणले. ताडोबा १९५५ सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि दूरदूरचे लोक पैसे मोजून तेथे येतात. पण त्या मुलास आपण काय दाखविणार? मोह, तेंदू, चार, हिरडा ही झाडे तो आपल्याआधी ओळखील. मातीवरचा माग पाहून कोणते जनावर गेले, हे तोच आपणांस सांगेल. झुरिचच्या मुलाला जे हवे होते ते या मुलापाशी जन्मापासून आहे. हवा त्याची आहे, सावली त्याची आहे, नदी त्याची आहे. त्याच्यापाशी नव्हता तो वैद्य. नव्हते ते अक्षर. पावसाळ्यात नाले भरले की दवाखान्यापर्यंत पोचविणारी वाट नव्हती. एका दिवसाची सहल यांतील काय भरून काढणार होती?

आता फंडाकडे वळू. या बाबतीत महाराष्ट्राने कोणाकडून शिकण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंड उभारला. दर माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच मागणी. त्या पैशापैशांतून १९०८ साली तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा घरोघरच्या बायका दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढीत. त्या मुष्टिफंडावर वसतिगृहातील मुले जेवली. तेवढ्याने भागेना तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी १९३६ साली, वयाची पंचाहत्तरी उलटून गेल्यावर, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले आणि पुण्यात पायी हिंडून त्यासाठी वर्गणी जमविली.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. मागणी लहान असे, पण ती एकदाच नसे. पैसा दर वर्षी, मूठ दर दिवशी, आणि अण्णासाहेबांची फेरी रोजची. देणाऱ्याच्या घरात त्या कामाची एक जागाच ठरून जाई. वर्षातून एकदा उमाळा यावा आणि विझावा, असा तो व्यवहार नव्हता.

हे सूत्र मनात ठेवून आता आपल्या वरोऱ्याकडे येऊ.

मुरलीधर देवीदास आमटे हे १९१४ साली हिंगणघाट येथे जन्मलेले, वरोऱ्यास वकिली करणारे, सुखवस्तू घराण्यातील गृहस्थ. आपण सारे त्यांना बाबा म्हणून ओळखतो. तुळशीराम नावाचा अखेरच्या अवस्थेतील एक कुष्ठरोगी त्यांच्या दृष्टीस पडला, ते प्रथम घाबरून दूर झाले, आणि त्या भीतीची लाज वाटून परत फिरले. ती हकीकत सर्वश्रुत आहे. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. कलकत्त्यास कुष्ठरोगाच्या उपचारांचे शिक्षण घेऊन ते परतले. सरकारने वरोऱ्याजवळ पन्नास एकर खडकाळ रान दिले. जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. आरंभीची शिल्लक म्हणजे सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, असे सांगतात. जवळ साधनाताई होत्या आणि विकास व प्रकाश ही दोन लहान मुले होती.

येथे फंडाच्या इतिहासातील खरी अडचण उभी राहिली. बाबांना भीक नको होती. दानाने माणूस खचतो आणि श्रमाने उभा राहतो, हे त्यांचे सूत्र. तेव्हा रोग्यांनी विहीर खणली, जमीन फोडली, भाजीपाला पिकविला. आता तो विकला गेला पाहिजे. पण वरोऱ्याच्या बाजारात कोणी त्या भाजीला हात लावीना. आमच्या मते हा प्रसंग प्रत्येक वर्गणीदाराने ध्यानात धरण्याजोगा आहे. त्याच कुष्ठरोग्याला देवळाबाहेर पैसा टाकावयास आपले गाव कधी मागे सरले नव्हते. हात लांब ठेवून नाणे टाकता येत होते. पण त्याच्या हातची वांगी विकत घ्यावयाची म्हणजे तो हात माणसाचा आहे असे मान्य करावयाचे. तेथे मात्र गावाचे पाऊल अडले.

ते पाऊल पुढे कसे पडले? त्यासाठी दुरून माणसे यावी लागली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल नावाच्या एका स्विस गृहस्थाने फ्रान्समध्ये व्हेर्दनजवळच्या उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या देशांचे तरुण जमवून घरे बांधावयास घेतली. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या राष्ट्रांची मुले एका भिंतीवर विटा रचू लागली. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था झाली. तिचे स्वयंसेवक १९५०नंतरच्या दशकात आनंदवनात आले, रोग्यांच्या बरोबरीने राबले, इमारती उभारल्या, आणि आनंदवनात पिकलेले अन्न तेथेच बसून जेवले. ते पाहून वरोऱ्याच्या लोकांचा संकोच हळूहळू सुटला, भाजी खपू लागली, दूध खपू लागले. आमच्या समजुतीप्रमाणे आनंदवनाचा पहिला खरा फंड हाच होय. तो पावतीने जमला नाही. पंक्तीला बसल्याने जमला.

पुढे आनंदवनाने या उपकाराची परतफेड गावालाच केली. १९६४ साली तेथे महाविद्यालय निघाले, आणि ज्या गावाने भाजी घेतली नव्हती त्या गावाची मुले कुष्ठरोग्यांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या विद्यालयात शिकू लागली. १९६६ साली अंध मुलांची शाळा निघाली. निराधार बालकांसाठी गोकुळ झाले. मित्रमेळाव्याच्या निमित्ताने लेखक, गायक, रसिक दुरून येऊ लागले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचा या जागेशी दीर्घकाळ स्नेह राहिला. एरवी संस्थेच्या मदतीसाठी कार्यक्रम शहरात होतो, आणि ज्यांच्यासाठी तो होतो ती माणसे सभागृहात कोठेच नसतात. येथे कलावंतच संस्थेच्या अंगणात आले, आणि रोगी हे यजमान होते. मूलजवळच्या सोमनाथ येथे १९६७ साली नवा प्रकल्प सुरू झाला. तेथे उन्हाळ्याच्या सुटीत तरुणांच्या श्रमसंस्काराच्या छावण्या भरू लागल्या. शहरातील विद्यार्थी स्वतःच्या खर्चाने येतो, कुदळ मारतो, हाताला फोड घेऊन परत जातो. सुटीत शहरातून रानाकडे, ही झुरिचची रीत खरीच. पण येथे ती उपचाराची नसून शिक्षणाची झाली, आणि शिकणारा होता तो शहरातील सुखवस्तू मुलगा.

याच घराण्यातील एका सहलीने पुढचा इतिहास घडविला. १९७०च्या सुमारास, विकास आणि प्रकाश वैद्यकीच्या शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात असताना, बाबा त्यांना घेऊन भामरागडच्या अरण्यात सहलीस गेले. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या तेथे एकत्र येतात. वनश्री डोळ्यांचे पारणे फेडणारी. पण या मंडळींना त्या शोभेत माणसे दिसली. अंगावर पुरते वस्त्र नसलेली, भुकेने व हिवतापाने क्षीण झालेली, आणि परक्या कपड्यातील माणूस पाहताच झाडीत पळून जाणारी. या लोकांसाठी काम सुरू करावयाचे, असे बाबांनी ठरविले होते, आणि तेथे जाऊन राहण्याचे प्रकाश यांनी आपणहून पत्करले. सहल संपली तरी ती त्यांच्यापुरती संपली नाही.

जागा मिळावयास १९७३ साल उजाडले. त्या वर्षी २३ डिसेंबरला हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. डॉ. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी तेथे राहावयास गेले. झोपडी, कंदील आणि चोहोंकडे अरण्य. आलापल्लीपासून पुढे पक्की सडक नाही, पावसाळ्यात महिनेच्या महिने जगाशी संबंध नाही. आणि एवढे करूनही प्रथम कोणी रोगी येईना! डॉक्टरांनी माडिया भाषा शिकावयास घेतली, लोक वापरीत नाहीत ते कपडे आपणही टाकले, आणि वाट पाहिली. अपस्माराचा झटका येऊन विस्तवात पडलेला, अंग भाजलेला एक रोगी बरा होऊन आपल्या पायांनी घरी गेला, तेव्हा रानात बातमी पसरली. त्यानंतर माणसे दिवस दिवस चालत येऊ लागली.

१९७६ साली आश्रमशाळा निघाली. शाळा काढणे सोपे, मुले टिकविणे अवघड. मुलाची भाषा माडिया, पुस्तक मराठी. घरी तो दिवसभर मोकळा, येथे घंटा. प्रारंभी मुले संधी साधून रानातून पळून घरी जात, आणि त्यात त्यांचा दोष तो काय? गुरुजनांना मुलांची भाषा शिकावी लागली, शेतीचे काम, पोहणे, खेळ हे शाळेतच आणावे लागले. विलास मनोहर यांच्यासारखे कार्यकर्ते आपले चालते जीवन सोडून तेथे गेले. पैसा कोठून आला? आरंभीच्या काळात स्विस-एड या परदेशी संस्थेचे साह्य मिळाले, शाळेला सरकारी अनुदान मिळाले, आणि महाराष्ट्रातील असंख्य सामान्य माणसांनी आपापल्या परीने मनीऑर्डरी केल्या. बियोन आणि सेरेसोल ज्या देशातले, त्याच देशातून आपल्या रानाला हात मिळावा, हा योगायोग असला तरी मौजेचा आहे खरा.

त्या शाळेतून शिकलेली मुले पुढे डॉक्टर झाली, शिक्षक झाली, सरकारी नोकरीत गेली, आणि त्यांतील काही परत आपल्या लोकांत येऊन राहिली. आमच्या दृष्टीने रानातील मुलांची खरी सहल ती हीच. ती एका दिवसात आटपत नाही. तिला बारा-पंधरा वर्षे लागतात. तिचे तिकीट दर वर्षी काढावे लागते. आणि तिचे सर्वांत मोठे लक्षण असे, की मुलाला परत यावयाचे की नाही, हे मूलच ठरविते.

येथे एक शंका कोणी काढील. “हे सारे थोर पुरुषांचे काम. आम्ही व्यापारी, कारकून, शिक्षक माणसे. रानात जाऊन राहणे आम्हांस शक्य नाही. मग वर्गणी देऊ नये काय?” अवश्य द्यावी. मात्र आपण काय देत आहोत ते समजून द्यावी. चंद्रपूरच्या माणसाने तर विशेषच. आलापल्लीच्या सागाची कीर्ती देशभर आहे, आणि तो साग घराघरांच्या तुळयांत व दारांत बसला आहे. बल्लारपूरच्या कागदगिरणीला बांबू पुरविला तो याच अरण्यांनी. आपल्या मुलांनी ज्या वह्यांत शुद्धलेखन गिरविले त्यांतील कितीतरी कागद एके काळी त्या रानात उभा होता. ज्याच्या दारातील बांबूची वही झाली त्याच मुलाच्या हाती मात्र वही पोचावयास १९७६ साल लागले. १९८२ साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा रेल्वे त्याला वडशाच्या टोकाशी तेवढी स्पर्श करीत होती. माल बाहेर येण्याची वाट आपण लवकर केली. माणसाने ये-जा करावयाची वाट करावयास विसरलो. तेव्हा आपण पावतीवर ‘देणगी’ असे लिहितो खरे, पण जमाखर्चाच्या वहीत ती रक्कम कर्जफेडीच्या खाती मांडली पाहिजे.

कर्ज फेडणारा माणूस धनकोला रांगेत उभे करून त्याची छबी काढीत नाही, हे आणखी एक. १९८५ साली बाबांना आणि २००८ साली डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. २०१४ साली हेमलकशावर चित्रपट निघाला. त्यामुळे पाहुण्यांची रीघ लागली आणि शहरातील शाळांच्या सहली तेथे जाऊ लागल्या. हे चांगलेच झाले. परंतु रानातील मूल हे पाहण्याची वस्तू होता कामा नये. तेथे जाणाऱ्या आपल्या मुलाला आपण एवढे जरी सांगितले, की माडियाचे चार शब्द शिकून ये, तेथील मुलाकडून एक झाड ओळखावयास शिकून ये, तरी त्या सहलीचे सार्थक होईल. दाता आणि याचक ही जोडी मोडून दोन विद्यार्थी समोरासमोर बसतील.

आनंदवनाने हेच दुसऱ्या मार्गाने करून दाखविले. या शतकाच्या प्रारंभी डॉ. विकास आमटे यांच्या कल्पनेतून स्वरानंदवन हा वाद्यवृंद उभा राहिला. अंध, मूकबधिर, अपंग आणि कुष्ठमुक्त कलावंत गावोगाव रंगमंचावर येतात, लोक तिकीट काढून कार्यक्रम ऐकतात आणि तो पैसा संस्थेच्या कामी जातो. ज्यांच्यासाठी पूर्वी इतरांनी नाटके लावली, ती माणसे स्वतःच प्रयोग करू लागली. १९५१च्या भाजीच्या टोपलीपासून येथवरची वाट एकच आहे. आम्ही काही देऊ, तुम्ही त्याचे मोल द्या, एवढेच त्या माणसांचे मागणे.

बाबा २००८ साली गेले, साधनाताई २०११ साली गेल्या. थोर माणसे गेली की त्यांच्या जयंत्या करणे आपणांस सोपे जाते. त्याहून अवघड गोष्ट वसंतात पावतीपुस्तक दारात येते तेव्हाची आहे. तेव्हा पैसे काढण्यापूर्वी आपण स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या, अशी आमची विनंती आहे. ही रक्कम एका दिवसासाठी आहे की एका मुलाच्या वर्षासाठी? ती मी पुढल्या वर्षीही देणार आहे काय? आणि ज्यांच्यासाठी ती देतो त्यांच्या पंक्तीस मी कधी जेवावयास बसलो आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांपैकी बहुतेकांना खाली मान घालूनच द्यावे लागेल. पण वरोऱ्यापासून हेमलकसा सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, आणि आता तेथवर मोटार जाते. यंदाच्या सुटीत मुलांची सहल काढावयाची असेल तर अवश्य काढू. फक्त मोटारीत या वेळी आपली मुले बसवू, आणि लाडवांचे पुडके घरी ठेवून, तेथे जे शिजेल ते जेवून येऊ.